पेटीतले प्रकरण

२ फेब्रुवारी

नवे सत्र सुरू. विषय तोच — युक्तिवाद आणि निर्णय. विद्यार्थी सगळे नोकरी करणारे शिक्षक. दिवसभर दुसऱ्यांची मुले सांभाळायची आणि संध्याकाळी इथे मुख्याध्यापक व्हायला यायचे. बाहीला खडू, डोळ्यांत झोप. मी सहानुभूती दाखवली नाही. पुढे पालकही दाखवणार नाहीत.

पहिल्याच तासाला पेटीचे नियम सांगितले. प्रत्येकाने आपल्या शाळेतला एक न सुटलेला प्रश्न टंकलिखित आणायचा. नाव, विषय, इयत्ता, बाई की पुरुष, सगळे बदलायचे. कागद पेटीत टाकायचा. दर शुक्रवारी एक निघतो आणि भलताच कोणीतरी तो वाचतो. कोणाचा, हे विचारायचे नाही. ज्याचा असेल त्यानेही कळू द्यायचे नाही. मग चर्चा. शेवटी निष्कर्ष मी सांगते, आणि तो उद्या अमलात येणार आहे असे समजूनच सांगते.

खेळाचे शिक्षक म्हणून एक दांडगे, हसरे गृहस्थ आहेत. म्हणाले, "म्हणजे मॅडम, आमची भांडणं तुमच्या कोर्टात!"

"कोर्टाच्या वर अपील असतं," मी म्हणाले. "इथे नाही."

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

७ फेब्रुवारी

ह्यांच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका यंदा माझ्या वर्गात आहेत. शाळेत त्यांना धाकट्या बाई म्हणतात. थोरल्या बाई वर्षअखेर निवृत्त होतील, मग खुर्ची धाकट्या बाईंचीच. हुशार आहेत. प्रश्न विचारण्याआधी तो मनात घासूनपुसून घेतात. मी त्यांना वर्गात वेगळी ओळख दाखवत नाही, त्याही दाखवत नाहीत. योग्यच.

हे मात्र घरी येऊन खबरा देतात! "तुझी विद्यार्थिनी आज व्हरांड्यात कोणालातरी दटावत होती — आधी म्हणणं सांगा, मग कारणं! सगळी शाळा बिघडवणार तू." खुशीत होते. निवृत्त होऊनही शाळेने ह्यांना सातवीचे गणित ठेवले आहे, बुधवारी आणि शनिवारी. त्या दोन दिवशी दाढी गुळगुळीत होते, सदऱ्याला इस्त्री होते. एरवी दोन्ही गोष्टी होतात म्हणायच्या.

११ फेब्रुवारी

दुपारी जेवताना ह्यांनी रेल्वेच्या तिकिटाची गोष्ट सांगितली. रात्री जेवताना पुन्हा सांगितली, तितक्याच रंगून. मी दुसऱ्यांदाही हसले. हे तर्काला धरून नव्हते.

१६ फेब्रुवारी

आज जे झाले ते क्रमाने लिहिते. क्रम सुटला तर मीही सुटेन.

पेटीतून निघालेले प्रकरण खेळाच्या शिक्षकांनी वाचले. ते मैदानात उभे राहिल्यासारखे वाचतात. प्रकरण असे — एक वयस्कर शिक्षिका. भाषा शिकवतात. निवृत्त झाल्या आहेत, पण शाळेने प्रेमापोटी त्यांना थोडे तास ठेवले आहेत. अलीकडे फळ्यावर चुकतात, तेही साध्या गोष्टीत. शिकवून झालेला धडा नव्याने शिकवतात. मुले बोलत नाहीत. मुलांनी आपापसांत ठरवून टाकले आहे की बाई फळ्यावर चुकीचे लिहितील ते वहीत बरोबर लिहायचे, आणि सांगून झालेली गंमत पुन्हा सांगितली की पुन्हा हसायचे. वर्गातल्या एका मुलीने बाकीच्यांना बजावले आहे: "पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करा." पालकांना अजून पत्ता नाही. मुख्याध्यापकांनी काय करावे?

इथवर मी शांतपणे टिपणे काढत होते. मग पुढचे वाक्य आले. ह्या बाई दर तासाला एक अख्खा खडू बक्षीस देतात. पण बरोबर उत्तराला नव्हे, सर्वांत चांगल्या चुकीला.

पेन थांबले.

असा खडू देणारा माणूस मला एकच माहीत आहे. लग्नानंतर मी सायकल शिकताना सरळ शेजाऱ्यांच्या कुंपणात घुसले, तेव्हा ह्यांनी खिशातून काढून मलाही दिला होता. प्रकरण लिहिणाऱ्याने विषय बदलला, पुरुषाची बाई केली. खडू बदलायचा राहिला.

मी मान वर केली नाही. धाकट्या बाईंकडे नजर गेली असती तर नियम तिथेच मोडला असता.

चर्चा पेटली. खेळाचे शिक्षक म्हणाले, "राहू द्या ना हो मॅडम त्या बाईंना! पोरं माणुसकी शिकतायत. ती कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे?" वर्गाने माना डोलावल्या. नोंदवून ठेवते: त्या क्षणी पूर्वपक्ष हाच माझा पक्ष होता. 'ह्या प्रकरणात माझा संबंध आहे' असे सांगून मी बाजूला होऊ शकत होते. पण मग सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले असते, आणि ह्यांचे नाव त्या खोलीत उघडे पडले असते. 'प्रश्न गुंतागुंतीचा आहे' एवढे म्हणूनही सुटता आले असते. ते वाक्य मी विद्यार्थ्यांना कधी म्हणू देत नाही.

म्हणून उत्तर दिले. "मुलं माणुसकी शिकतायत, हे मान्य. पण मोठ्या माणसाला सांभाळून घेण्याचं ओझं त्यांनी आपण होऊन उचललं, हा त्यांचा मोठेपणा. ते त्यांच्याच डोक्यावर राहू देणं हा आपला पळपुटेपणा. आणि बाईंना एक दिवस कळणारच आहे. कोणीतरी पालक फाटकाशी, चारचौघांत सुनावेल. त्याआधी मुख्याध्यापकांनी सांगावं. समोरासमोर बसून. आधी निष्कर्ष, मग कारणं, मग गप्प बसावं. सल्लागार वगैरे पद देऊन गुळगुळीत करू नये. आणि उशीर करू नये."

कोणी खोडून काढले नाही. मी वाट पाहिली. कोणीतरी खोडून काढावे म्हणून इतकी वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती.

घरी आले. हे दारातच, दर शुक्रवारी असतात तसे. "काय निघालं आज पेटीतून?"

"नेहमीचंच. वेळापत्रकावरून भांडण."

"निकाल?"

"लागायचाय अजून."

दोन विधाने. दोन्ही असत्य. जेवताना त्यांनी तेच पुन्हा विचारले. विसरले असावेत. मी तेच पुन्हा सांगितले.

१७ फेब्रुवारी

शनिवार. गुळगुळीत दाढी. निघताना म्हणाले, "आज अपूर्णांक सुरू करतो." गेल्या शनिवारीही तेच सुरू केले होते.

१८ फेब्रुवारी

मुलीचा फोन. "बाबा कसे आहेत?"

"व्यवस्थित."

"आई, तू 'व्यवस्थित' म्हणालीस ना, की मला बॅग भरायला घ्यावीशी वाटते."

विषय बदलला. तिने बदलू दिला. तिलाही माझ्यासारखेच कळते, फक्त ती आईला उलटतपासणीत अडकवत नाही.

दुपारभर माझ्याच निष्कर्षात दोष शोधत बसले. गृहीत धरले ते खरे आहे का? आहे, घरात रोज दिसते. कारणे पुरेशी आहेत का? आहेत. माझा स्वार्थ मध्ये आला का? आला, पण उलट बाजूने! दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याबद्दल हेच म्हणाले असते का? म्हणाले असते, आणि घरी येऊन निवांत जेवले असते. कुठेही फट नाही. युक्तिवाद चुकला असता तर बरे झाले असते.

२१ फेब्रुवारी

ह्यांच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेले. टपालाच्या कामाचे निमित्त केले. सातवीची एक मुलगी धावत आली. दोन वेण्या, हातात पट्टी. "सर, आज ती रेल्वेच्या तिकिटाची गोष्ट सांगा ना!"

"अगं, सांगितली नाही का मी तुम्हाला?"

"नाही सर! कधीच नाही!"

पापणीसुद्धा हलली नाही. इतके सफाईदार खोटे मी मोठ्यामोठ्यांच्या तोंडून ऐकलेले नाही. मग तिची नजर माझ्याकडे वळली, आणि तिला कळले की मला कळले. बिचारीचा चेहरा कावराबावरा झाला. मी 'चालू दे' अशी मान डोलावली. तिने ह्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघे आत गेले. हे काहीतरी बोलत होते; ती मान वर करून ऐकत होती, पहिल्यांदा ऐकल्यासारखी.

टपालाचे काम नव्हतेच. बाकावर बसून राहिले.

२३ फेब्रुवारी

दर निष्कर्षाचा पुढच्या शुक्रवारी सराव होतो. एका विद्यार्थ्याने मुख्याध्यापक व्हायचे आणि तो निष्कर्ष सांगायचा. ज्याला सांगायचा तो माणूस नेहमी मी होते. आजवर मी तावातावाने भांडणारी पालक झाले आहे, रडवेला शिपाई झाले आहे, राजीनाम्याची धमकी देणारी ग्रंथपाल झाले आहे. वर्ग ह्याची मजेने वाट पाहतो. "चला, मॅडमचा प्रयोग!" अशी कुजबुजही झाली.

मुख्याध्यापक कोण होणार? धाकट्या बाईंनी हात वर केला. चेहरा पांढराफटक.

बसलो समोरासमोर. त्या म्हणाल्या, "बाई, ह्यापुढे तुमचा वर्ग दुसऱ्या शिक्षकांकडे जाईल. निर्णय झाला आहे. आता कारणं सांगते." सांगितली. स्पष्ट, क्रमाने, आवाज न चढवता. मग गप्प.

मी भांडायला हवे होते. भांडले नाही. हे जे म्हणतील तेच तोंडात आले.

"बरं. मुलांना कळलं होतं?"

"हो."

"बोलली नाहीत कधी."

"नाही."

"गुणी आहेत." मग म्हणाले, "मग बुधवारी मी काय करू?"

धाकट्या बाई उठल्या आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खेळाच्या शिक्षकांनी नाक शिंकरले, "मॅडम, तुम्ही नाटकात जायला हवं होतं हो."

"बसा," मी धाकट्या बाईंना म्हणाले. "उठलात, ही चूक. समोरच्याला उठून जाता येत नाही, तर आपणही जायचं नाही. उत्तर नसेल तर 'उत्तर नाही' म्हणायचं आणि बसून राहायचं."

त्यांनी हे लिहून घेतले. खाली मान घालून, एक एक शब्द.

२८ फेब्रुवारी

हे दुपारीच परतले. बूट काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले.

"वर्ग गेला," म्हणाले.

मग हे हळूहळू सांगत गेले. "फार नीट बोलली गं धाकटी. घोळ नाही, साखर नाही. मी म्हटलं, बुधवारी काय करू मग मी? म्हणाली, 'सर, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही.' आणि बसून राहिली. घंटा झाली, शिपाई डोकावून गेला, तरी हलली नाही. शेवटी मलाच तिची दया आली! म्हटलं, जा बाई, तुझा तास असेल." मग माझ्याकडे पाहून, "छान तयार केलीस तिला."

शब्दसुद्धा तेच. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना इतके पाठ केले आहे, आणि ते पाठांतर कशासाठी वापरले!

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी कधीच घासून झाली होती. बराच वेळ नळ चालू ठेवला.

२ मार्च

शनिवार. दाढी केली नाही.

४ मार्च

कालपासून एक वाक्य तयार करते आहे: तुमचा वर्ग मी काढून घेतला. कर्ता, कर्म, क्रियापद. माझा कोणताही विद्यार्थी ते पहिल्या प्रयत्नात म्हणेल.

सकाळी समोर जाऊन बसले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले. "काय गं?"

"काही नाही. चहा घेणार?"

हातात कप होता त्यांच्या. भरलेला. कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "घेतो की," म्हणाले.

विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला खाली बसवले असते. सगळ्यांसमोर.

६ मार्च

बुधवार. सांगितले. आधी निष्कर्ष, मग कारणे, मग गप्प बसले.

हे म्हणाले, "ते प्रकरण मीच लिहिलं होतं. धाकटीने फक्त टाइप करून तुझ्या पेटीत टाकलं. नको म्हणत होती, मीच गळ घातली." मग म्हणाले, "घरी विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस?"

"नाही," मी म्हणाले.