बांधावरचा माळा

अंथुर्णे,
११ जानेवारी १९३६

प्रिय पद्मा,

तुझ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला एक मुलगी पाठवते म्हटलं होतं. दोन येत आहेत, म्हणून हे पत्र. रंगूचं नाव आधी कळवलं नाही, कारण तू नियम दाखवले असतेस. आता ती तुझ्या दारातच उभी असेल.

छबूबद्दल लिहिलंच होतं. शाळू हुरड्यात आला आणि तिच्या वडिलांनी, सावळारामनं, तिला शाळेतून काढून पाखरं राखायला रानातल्या माळ्यावर चढवलं. मी जाब विचारायला गेले, तर म्हणाला, "बाई, परीक्षा ठेवताना पाखरांना इचारलं हुतं का?" मी म्हटलं, पोरीला सोड, सकाळ-संध्याकाळ पाखरं मी राखते, दुपारचं तिची आई बघेल. तो हसला. "चष्म्यातनं पाखरू दिसंल व्हय?"

गोफण जमली नाही. पहिला दगड माझ्याच पाठीत बसला. मग वर्गात ओरडते तशी ओरडले, आणि सगळी पाखरं एकदम उठली. छबूची आई सिंधुबाई म्हणाली, "पोरं का भितात ते आज कळलं." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण उठलेली पाखरं जातात कुठं, हे मनात आलं नव्हतं. ती शेजारच्या दत्तोबाच्या रानात बसली, आणि त्याची रंगू शाळेत यायची थांबली. विचारलं, तर दत्तोबा शांतपणे म्हणाला, "तुमी हाकलता, ती आमच्याकडं येत्यात. तुमची एक शिकती, माझी एक माळ्यावर बसली."

दोघांना बांधावर बोलावलं. माळा इथं मधे बांधा, दोन्ही रानं मी राखते, दोन्ही पोरी परीक्षेला द्या, म्हटलं. सावळाराम म्हणाला, "आवाज पुरंल का?" दत्तोबा म्हणाला, "गावाला पुरंल." आणि दोघं आपापल्या माळ्याच्या मेढी उपटायला लागले.

मुलींबरोबर मीही येणार होते. तू माझ्यासाठी खोली झाडून ठेवली असशील. कॉलेज सुटल्यापासून आपण चार दिवसही एका छपराखाली राहिलो नाही, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. पण मी माळ्यावरून उतरले, की या दोघींना चढावं लागेल. माझ्या खाटेवर त्यांना निजव. रंगू अंधाराला भिते. दिवा लवकर मालवू नकोस.

तुझीच,
यशोदा

भिगवण स्टेशनावर लिहिते. छबूची आत्या भागूबाई हिच्या हवाली केलं: मुली दोन, वळकटी एक, दोघींच्या पाट्या, तुझ्यासाठी हुरडा. छबू गोफणही नेत होती. ती मी ठेवून घेतली.