एका पातेल्यातलं, बिनतिखटाचं

९ नोव्हेंबर, रविवार. सांगली

१. संध्याकाळी मी आबांसाठी मुगाची डाळ घालून मऊ भात केला. मीठ बेताचं, तिखट नाही, आंबट नाही. हॉस्पिटलमधल्या आहाराच्या मॅडमनी सांगितलं होतं तसं.

२. मी खाली नळावर पाणी भरायला गेले.

३. मागे आईने झाकण काढून त्यात चमचाभर कांदा-लसूण चटणी कालवली.

४. आबांनी पहिला घास घेतला.

५. ते ओरडले नाहीत. ताट भिंतीकडे सरकवलं, तोंडावर टॉवेल धरला आणि तसेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

६. आई म्हणाली, "येवढीशीच घातली हुती. निस्तं फिक्कं कसं द्यायचं माणसाला?"

७. त्यानंतर आबांनी काहीही खाल्लं नाही.

कामावर यंत्र बंद पडलं की आम्ही असंच लिहितो. झालं ते क्रमाने, मत नाही. चूक कोणाची हा रकाना सगळ्यात शेवटी असतो. आज तो रिकामा ठेवते.

१० नोव्हेंबर, सोमवार

आबांच्या जिभेवर गाठ आहे. तंबाखू — फौजेत लागलेली, पेन्शनीतही सुटली नाही. उन्हाळ्यानंतर डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "जीभ कापून दिऊ? त्यापरास मेलेलं बरं." म्हणून रेडिएशनचा शेक चालू आहे. शनिवार-रविवार सोडून रोज मशीनखाली झोपायचं. त्याने तोंडभर फोड आलेत. गाव कराडपासून बरंच आत, तिथून रोजचं येणं-जाणं त्यांना झेपणार नाही. म्हणून मार्केट यार्डाजवळ ही खोली घेतली. मी साताऱ्याच्या कंपनीतून रजा टाकली आहे. तिथे मी दाबमापकं आणि तापमापकं तपासते. इथे आबांचं वजन तपासते.

एक शेगडी, एक पातेलं. बाकी भांडी गावी. आईने चटणीचा डबा मात्र आठवणीने आणला.

आज वजन आणखी खाली. हॉस्पिटलचा काटा चुकत असेल म्हणून मी साखरेची बंद पिशवी ठेवून पाहिली. काटा बरोबर आहे.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या सोमवारपर्यंत थांबू. असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आबांनी ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "नळी न्हाई." पुढे वळणावर पुन्हा म्हणाले, "न्हाई म्हंजे न्हाई." त्यांचे शब्द आता जाड येतात. रिक्षावाल्याला कळलं नाही, त्याने विचारलं, "काय म्हंत्यात? डावीकडं?"

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभरात अर्धा कप दूध. आईने पुढे केलेली वाटी आधी हुंगतात, मग परत देतात. चाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, आता तिच्यावर विश्वास नाही. यार्डातून दिवसभर हळदीचा वास येतो. आबांना तोही येत नाही म्हणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऋषीला फोन केला.

माझा धाकटा भाऊ, ऋषिराज. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. आबांना तो फौजेत हवा होता. पळण्यात पास झाला आणि लेखी परीक्षेला गेलाच नाही. तीन वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या लग्नात, भर पंगतीत आबा पाहुण्यांना म्हणाले, "सुभेदाराचं पोरगं हाय. हॉटेलात पळी हलवतंय." सगळे हसले. ऋषी भरल्या ताटावरून उठला. पंगतीतून असं कोणी उठत नाही. मांडवाच्या तोंडाशी वळून म्हणाला, "आता माज्या हातचं मागून घ्याल, तवाच यीन." त्यानंतर तो घरी आला नाही. आजारपणाचं मी कळवलं होतं. 'बरं' एवढंच उत्तर आलं होतं.

आज फोन उचलला.

"बोल."

"आबांना गिळता येत नाही. तोंडात फोड आलेत. भात घशात चिकटतो. काय देऊ?"

मागे भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी हाका मारत होतं. त्याने त्याला "थांब की रं" म्हटलं.

"तोंड कितपत उघडतंय?"

"छोटा चमचा जातो."

"फोड कुठं? फुडं का मागं?"

"सगळीकडे."

मग एका दमात: "मॅकरोनी घे, बारक्यातली. लाल भोपळा घे. टमाट्याला हातसुद्धा लावू नको. भोपळा शिजवून घोट, शीर राहू दिऊ नको. पातेलं पुसून मॅकरोनी तुपावर परत, आई शेवया परतती तशी. मग त्यातच भोपळा, दूध, पाणी. चमच्यानं तुटंल इतकं शिजव. हॉटेलात गिऱ्हाईक तोंडावर फेकंल, इतकं."

"पाणी किती? वेळ किती?"

"बोटानं दाबून बघ."

"प्रमाण सांग."

"संयू, बोटानं दाब म्हटलं न्हवं? तुज्या कंपनीतला काटा न्हाई ह्यो."

फोन ठेवला. आबा कसे आहेत हे त्याने विचारलं नाही. तोंड कितपत उघडतं हे विचारलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कोपऱ्यावरच्या दुकानात मॅकरोनीचं एकच पाकीट होतं, वर धूळ. दुकानदार म्हणाला, "लहान पोरांना लय आवडतंय ह्ये." मी पैसे दिले. बाहेर गाड्यावर भोपळ्याची फोड. दूध घरात होतं, तूप आईचं. मॅडमनी लिहून दिलेला प्रोटीन पावडरचा डबा आम्हाला परवडला नव्हता. हे सगळं मिळून त्याच्या किमतीच्या पासंगालाही नाही.

भोपळा शिजवला, वाटीच्या बुडाने घोटला, काढून ठेवला. पातेलं पुसलं, तूप टाकलं. आई मागे उभी.

"ह्या काय शेवया व्हय? वाकड्या?"

"तसंच समज."

"मग जाळ बारीक कर. करपिवतीस." तिने माझ्या हातातून चमचा घेतला. "आसं तळापास्नं. रंग बदलला की वास बदलतुय. ह्यो बग. ह्यो वास आला की पाणी."

मी घड्याळ लावलं होतं. ते वाजायच्या आधीच तिने दूध ओतलं. मॅकरोनी फुगली, भोपळ्यात मिसळली, पिवळट दाट झाली. मी बोटाने दाबून पाहिली. अजून नाही. पुन्हा दाबली. मग तुटली.

मी मागे वळले तर आई चटणीचा डबा कापडी पिशवीत घालून वर गाठ मारत होती. मी सांगितलं नव्हतं.

आबांनी वाटी हुंगली. वास येत नाही हे त्यांनाही माहीत आहे. मग वाटी आईपुढे धरली.

"तू खा आदी."

आई त्यांच्याआधी जेवलेली मी जन्मात पाहिलेली नाही. शेतावरून यायला त्यांना तिसरा प्रहर झाला तरी थांबायची. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चमचा दिला. तिने खाल्लं. आबा तिच्या तोंडाकडे एकटक बघत होते.

"तिकाट न्हाई," ती म्हणाली. "निस्तं फिक्कं हाय. खावा."

त्यांनी चमच्याचं टोक आत घातलं. थांबले. गिळलं. पुन्हा घातलं. वाटी अर्धी झाल्यावर म्हणाले, "ह्ये तू न्हाई केलंस."

"मीच केलं."

"हात तुजा. चाल त्येची."

आई पातेलं खरवडत राहिली. खरवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वाटी रिकामी. संध्याकाळी पुन्हा अर्धी. लसणाची पाकळी तुपात परतून काढून टाकली — चाललं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज शेक नाही. तिघांनी एका पातेल्यातलं एकाच वेळी खाल्लं. आईला आता आधी खायला सांगावं लागत नाही, तीच पहिला चमचा घेते आणि म्हणते, "चला, मी न्हाई मेले." आबा हसले. हसताना ओठ फाटला, तरी हसले.

जेवल्यावर बोलत बसले. प्रत्येक शब्द ओढून काढतात, मध्ये थांबून पाणी घेतात. वरच्या ठाण्यावर असताना बर्फातून एक लांगरी, पलटणीचा स्वयंपाकी, जेवण घेऊन यायचा म्हणे. पाठीवर डेग बांधून. बंदूक नाही, काही नाही.

"आमी त्येला शिव्या द्यायचो. उशीर झाला म्हनून."

"मग?"

"मग काय. एकदा आलाच न्हाई." पाणी घेतलं. "नाव सुदिक ठावं नव्हतं त्येचं."

आई म्हणाली, "पडा आता. लय बोलला."

१७ नोव्हेंबर, सोमवार

काट्यावर वजन थोडं वाढलेलं दिसलं. मॅडमनी मला विचारलं, काय देताय? मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. नळी नको म्हणाल्या. आईने त्यांचा हात धरला.

मग डॉक्टरांनी आत बोलावलं. तपासणीचे फोटो दाखवले, आधीचा आणि आताचा. समजावून सांगायची गरज नव्हती, मला मापं वाचता येतात.

गाठही वाढली आहे.

शेक बंद. ऑपरेशन पुढच्या सोमवारी, २४ला. पूर्ण जीभ. जेवण पोटात बसवलेल्या नळीने, कायमचं. बोलण्याबद्दल मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, समजेल असं बोलता येणार नाही.

मला वाटलं आबा पुन्हा नाही म्हणतील. त्यांनी आईकडे पाहिलं. ती हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. मग आबा डॉक्टरांना म्हणाले, "करा."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आईने पातेलं ठेवलं. आबा म्हणाले, नको. भूक नाही का, विचारलं.

"त्यो काय म्हनला हुता? मांडवात?"

आई शेगडीकडे तोंड करून म्हणाली, "मागून घ्याल तवाच यीन, म्हनला हुता."

"मग मागतो म्हनावं."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी परत केला. "ह्या तोंडानं फोनवर त्येला काय कळनार हाय? समोर यिऊ दे. बोलायचं हाय."

काय बोलायचं आहे ते मी विचारलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

नंतर अर्धी वाटी खाल्ली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाठवलेला मेसेज उतरवून ठेवते.

ऋषी, सोमवारी २४ला आबांचं ऑपरेशन. पूर्ण जीभ काढणार. त्यानंतर तोंडाने जेवण नाही आणि बोलणं नाही. रविवारी सकाळी दाखल करतील. शनिवारी संध्याकाळी त्यांना तुझ्या हातचं जेवायचं आहे. हे त्यांनी स्वतः मागितलं आहे, आईसमोर. पातेलं एकच आहे. भोपळा मी आणून ठेवते. येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव.