चौथ्या कडव्याचा सूड

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी सहा.
सूड घ्यायचा ठरवला. मन एकदम प्रसन्न. दोन कप चहा.

कारण इथे नोंदवून ठेवतो. गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या वाटूरच्या कॉलेजात मी प्रमुख पाहुणा. आठवीच्या पुस्तकातली 'ओढा' ही कविता चालीवर म्हणत होतो. तिसरं कडवं झालं. चौथ्यासाठी डोळे मिटून श्वास घेतला, तेवढ्यात मराठीचा प्राध्यापक कल्याण याने स्पीकरवर राष्ट्रगीत लावलं. सगळं सभागृह ताडकन उभं. मीही सावधान. त्यानंतर कोण कविता म्हणतो? कार्यक्रम समाप्त.

हा कल्याण माझाच विद्यार्थी. आठवी ब, खिडकीजवळ.

त्या एका कडव्यासाठी मी छत्तीस वर्षं मराठी शिकवली. ते भरल्या सभागृहात म्हटल्याशिवाय मरायचं नाही.

४ फेब्रुवारी.
योजना पक्की. कल्याण यंदाही आमंत्रण घेऊन येणार. (येणारच. तालुक्यात दुसरा आहे कोण?) मी नकार द्यायचा. तो आग्रह करेल. पुन्हा नकार. तिसऱ्या आग्रहाला तो रडकुंडीला आला की शांतपणे विचारायचं, "चौथ्या कडव्याचं काय?" तो पाय धरेल. मग हो म्हणायचं. पहिल्याच आग्रहाला हो म्हणणारा माणूस आपल्याकडे हावरट दिसतो.

दैवशाला म्हणाली, सरळ हो म्हणून टाका ना. हिला मुत्सद्देगिरी कळत नाही. बायको म्हणून मात्र चांगली आहे.

९ फेब्रुवारी.
आरशासमोर नकाराचा सराव. मान सावकाश डावीकडून उजवीकडे, किंचित खिन्न स्मित. दैवशालाने विचारलं, मान अवघडली का? गरम पाण्याची पिशवी आणून दिली. घेतली.

१३ फेब्रुवारी. सकाळी अकरा.
कल्याण आला! म्हणाला, "सर, यंदाबी तुम्हालाच यावं लागतं."
नकार दिला. भव्य झाला. प्रकृतीचं कारण, दोन उसासे, खिन्न स्मित.
तो म्हणाला, "न्हाई जमत का सर? बरं बरं. तब्येत पहिली. आराम करा मंग."
अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

सायंकाळी सहा.
फाटकापर्यंत चार वेळा जाऊन आलो. आग्रहासाठी परत येईलच. बहुधा उद्या.

१६ फेब्रुवारी.
आला नाही. फाट्यावर दिसला. प्रकृती ठणठणीत आहे हे कळावं म्हणून त्याच्यासमोरून झपझप चाललो. त्याने गाडी थांबवली. "सर, कशाला उन्हात फिरून राह्यले?" मला ऑटोत बसवून घरी पाठवलं. भाडंही दिलं.
अपमान क्रमांक दोन.

२० फेब्रुवारी.
यंदाचे पाहुणे कळले. निजामोद्दीन! माझ्या शेजारच्या वर्गात तीस वर्षं गणित शिकवलं त्याने. मराठी दिनाला गणित! त्याच्याशी बोलणं कायमचं बंद.

सायंकाळी पाच.
तोच आला. फाटकातूनच सुरू. "मास्तर, मला धडधड होऊन राह्यली. कवितेतलं मला काय समजतं? पण कल्याणने तीनदा म्हटलं, हात जोडले, मंग न्हाई म्हणता येईना."
तीनदा. हात जोडून. माझ्या वाट्याचा आग्रह याला करून टाकला!
म्हणाला, "मी दोन मिनिटं बोलतो, बाकी टाइम तुम्ही घ्या."
मी नकार दिला. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. लगेच हो म्हटलं. तिसऱ्यावर आता विसंबत नाही.
बोलणं पुन्हा चालू.

२३ फेब्रुवारी.
भाषण तयार. आधी अपमानाचा साद्यंत इतिहास, मग कडवं. इतिहास सतरा पानं झाला. कल्याणने आठवीत केलेली गृहपाठाची नक्कलही घातली आहे. कडवं लिहून घेतलं नाही, ते रक्तात आहे.
दैवशाला म्हणाली, "आधी कविता म्हणून घ्या, मंग काय भांडायचं ते भांडा."
उत्कर्षबिंदू शेवटी असतो, हे तिला समजावलं. ती भाकरी थापत होती.

२७ फेब्रुवारी. सकाळी आठ.
कोट घातला. बटण लागत नाही. उघडाच बरा, वक्त्याला शोभतो. कल्याणची आज खैर नाही.

दुपारी तीन.
निजामोद्दीन दोनच मिनिटं बोलला. म्हणाला, "ह्या मास्तरांची कविता सुरू झाली की भिंतीपल्याड माझी पोरं वजाबाकी चुकायची. तीस साल मी काही बोललो न्हाई, कारण मी बी चुकायचो." मुलं खदखदून हसली. टाळ्या. माईक माझ्या हाती.

इतिहास सुरू केला. दुसऱ्या पानाला कल्याण पांढराफटक. चौथ्याला प्राचार्य मोबाइलमध्ये. अकराव्याला एक मुलगी उठली. वाटलं, हेलावली. मग सात जणी उठल्या. मग अख्खी रांग. बाहेर परतूरची एसटी हॉर्न देत होती. एक मुलगी जाता जाता वाकून म्हणाली, "सर, ही गेली की मंग चारलाच हाय."
सतराव्या पानावरून मान वर केली. खुर्च्या. निजामोद्दीन, झोपलेला. आणि कल्याण.

कल्याण म्हणाला, "कडवं म्हणा सर. आज मधी कोणी येत न्हाई."
त्याच्यासाठी? वैऱ्यासाठी? पण श्वास घेऊन झाला होता. म्हटलं.

जा रे ओढ्या, पुढे पुढे तू, मी या काठी राहीन
गेलेल्या त्या तुझ्या जळाची वाट इथूनच पाहीन

त्याने डोळे पुसले. मग हळूच म्हणाला, "सर, राग धरू नका. पण पुस्तकात तीनच कडवी हायेत. हे तुम्ही फळ्यावर लिहायचे. पेपरात लिहिलं की तुम्ही खूश व्हायचे, म्हणून आम्ही लिहायचो. गेल्या साली मी पुस्तक समोर धरून बसल्तो. त्यात कविता संपली, तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं, झालं. म्हणून लावलं राष्ट्रगीत."
मी त्याला मूर्ख म्हणालो. हा शब्द सतरा पानांतही नव्हता.

सायंकाळी सात.
माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं. तीन कडवी. खाली स्वाध्याय. शेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने चौथं. अक्षर ओळखीचं. साल १९८४. नोकरीचं पहिलं वर्ष.

२८ फेब्रुवारी.
दैवशालाला सांगितलं, ते कडवं माझं निघालं. ती म्हणाली, "मंग कोणाचं असणार? लग्नानंतर मला तुम्हीच म्हणून दाखवलं होतं, मी लिहिलंय म्हणून. मला वाटलं, आता तुम्ही मोठेपणाने सांगत न्हाईत."
कल्याण निर्दोष. निजामोद्दीन निर्दोष. सुडाच्या यादीत आता फक्त माझं नाव उरतं.
त्याला मोठ्या मनाने माफ केलं.