लोकार्पणापूर्वी रॅम्प वापरू नये

५ सप्टेंबर
आज रॅम्प पूर्ण झाला. खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले. तीस फूट लांब, मध्ये एक वळण, दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा. असा रॅम्प जिल्ह्यातल्या एकाही वाचनालयाला नसेल. चौकशी केलेली नाही, पण नसेलच.

मापं दीपमालाने काढून दिली होती. दीपमाला म्हणजे कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्या उकंडाची मुलगी. व्हीलचेअरवर असते, आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. एक इंच चढायला एक फूट लांबी लागते हे तिनेच सांगितलं, आणि देवीलाल मिस्त्रीने तंतोतंत तसंच बांधलं. कल्पना मात्र माझी. म्हणजे अर्ज तिचा होता, पण मीटिंगमध्ये वाचून मी दाखवला. सचिव म्हणून.

संकल्प: यंदाचा जिल्हास्तरीय ‘दिव्यांग मित्र’ पुरस्कार घ्यायचाच. फॉर्म फेब्रुवारीत भरायचा आहे. फेटा आत्तापासून बघून ठेवणे.

८ सप्टेंबर, सकाळी ९
कपिलचा फोन. कपिल आमचा ग्रंथपाल. म्हणाला, दीपमाला रॅम्पवरून वर येऊन राह्यली. चहा तसाच टाकून पळालो. बरं झालं, पुढची चाकंच फक्त चढली होती.

समजावून सांगितलं. निधी आमदार साहेबांनी दिला. लोकार्पण त्यांच्या हस्ते व्हायचं आहे. त्याआधी कोणी वापरला तर त्यांना आपण काय दाखवणार, जुना रॅम्प? शिवाय पितृपक्ष लागला आहे. त्यावर ती म्हणाली, आमच्यात पितृपक्ष पाळत नाही काका, मंग मी जाऊ काय?

प्रश्न श्रद्धेचा नाही, शिस्तीचा आहे. तिला हे पटलं नाही. उकंडाने नेहमीसारखं तिला पाठीवर घेतलं आणि पाच पायऱ्या चढवल्या. मग खाली येऊन खुर्ची उचलून नेली. दोन वर्षांची सवय आहे त्याला. अजून पंधरा दिवसांनी काय बिघडतं?

९ सप्टेंबर
रॅम्पच्या तोंडाशी दोन आडव्या लाकडी बल्ल्या बांधून घेतल्या. पाटी लावली: ‘लोकार्पणापूर्वी रॅम्प वापरू नये. आदेशावरून, सचिव.’ पेंटरने ‘सचिव’ बारीक काढलं होतं. पुन्हा काढून घेतलं.

२३ सप्टेंबर
नवरात्र. साहेबांचे पीए म्हणतात, रोज चार-चार ठिकाणी आरत्या आहेत, दसऱ्यानंतर बघू.

दीपमाला भेटली. परीक्षा १४ डिसेंबरला. लिपिकाची जागा, दिव्यांगांसाठी जिल्ह्यात एकच. वय बसतं असं हे शेवटचं वर्ष. म्हणाली, दिवाळीपासून जिनिंगचा सीझन लागते, बाबाले सकाळी येता येत नाही, मंग मले वर कोण नेईन? घरी एकच खोली अन् शेजारी दिवसभर टीव्ही.

मी शब्द दिला. दसऱ्यानंतर आठ दिवसांत. मी शब्दाचा पक्का आहे.

११ ऑक्टोबर
आठ दिवस झाले. साहेब मुंबईत. यात माझा शब्द मोडला असं म्हणता येणार नाही, साहेबांचा मोडला.

इंदूने जेवताना विचारलं, रॅम्प पोरीसाठी बांधला का सायबासाठी? सदतीस वर्षं माझ्यासोबत राहून या बाईला प्रोटोकॉल कळला नाही. भाजी अळणी होती, मुद्दाम.

१४ ऑक्टोबर
एसटीने यवतमाळला जाऊन कोनशिलेची ऑर्डर दिली. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वर साहेब, मग अध्यक्ष, मग ‘संकल्पना: भगवानराव गावंडे, सचिव’. दीपमालाचं नाव घालावं असा विचार क्षणभर आला होता. पण मग देवीलालचंही घालावं लागलं असतं.

येताना कळंबला उतरून चिंतामणीला लोकार्पणाचं साकडं घातलं. त्या निमित्ताने पेढेही आणले.

१८ ऑक्टोबर
कोनशिला बसवली. कपिल म्हणाला भिंतीवर लावा. भिंतीवरचं कोण वाचतं? मी छान सिमेंटचा चौथरा करून घेतला, बरोबर रॅम्पच्या तोंडाशी. वर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी नावं दिसलीच पाहिजेत. देवीलाल कुरकुरला. सायेब, रस्त्यात येते म्हणाला, आतापर्यंतचं काम खराब कायले करता. कलाकार माणूस, पण दृष्टी नाही.

बल्ल्या सोडून स्वतः चालून पाहिलं. आरामात गेलो. पोट असूनही. बल्ल्या परत बांधल्या.

३० ऑक्टोबर
जिनिंग सुरू झालं. उकंडा कामातून पळत येतो, पोरीला वर ठेवतो, पळत जातो. आज त्याला सुटीच मिळाली नाही. दीपमाला खाली उन्हात अडीच तास. मला फार वाईट वाटलं. कपिलला म्हणणार होतो, तिला एखादी खुर्ची तरी दे. मग लक्षात आलं, खुर्ची आहेच तिच्याकडे.

संकल्प: उद्यापासून रोज पीएंना फोन. सकाळ-संध्याकाळ.

५ नोव्हेंबर
आचारसंहिता लागली. आता निवडणूक होईपर्यंत साहेब फीत कापू शकत नाहीत. कोनशिला वर्तमानपत्राने झाकली. माझंही नाव झाकलं गेलं, मी तर उमेदवारही नाही. लोकशाहीची किंमत शेवटी सामान्य माणूसच मोजतो.

दीपमालाने पहिल्यांदाच हात जोडले. सकाळी सहाला येतो म्हणाली, कोणी पाह्यत नाही तेव्हा, चाकं पुसून नेईन, वापरला म्हून कोणाले समजणार नाही. मी हेलावलो. खरंच हेलावलो. पण वापरलेला रॅम्प नवा म्हणून साहेबांच्या हातात द्यायचा, ही फसवणूक माझ्याच्याने होणार नाही. तत्त्व म्हणून काही असतं. घरी येऊन दोन पेढे खाल्ले तेव्हा बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर
वाईट दिवस. उकंडा तिसऱ्या पायरीवरून पोरीसकट पडला. पळत आला होता, दम लागला होता, पाय सटकला. दीपमालाचं कोपर फुटलं. तिच्या नोट्स रस्त्याभर उडाल्या, मी स्वतः चार पानं गोळा करून दिली. उकंडाला उठता येईना. ऑटोत आडवा घालून यवतमाळला नेलं. मणक्याचं आहे म्हणतात.

सुदैवाने रॅम्पला काही झालं नाही.

कौसल्या, दीपमालाची आई, नुसती बल्ल्यांकडे बघत उभी राहिली. मला ते बघणं आवडलं नाही.

१३ नोव्हेंबर
तातडीने परिपत्रक काढलं: कोणालाही उचलून पायऱ्या चढवण्यास सक्त मनाई. पुरस्काराच्या फॉर्ममध्ये ‘सुरक्षाविषयक उपाययोजना’ असा रकाना आहे, तिथे हे चालेल.

दीपमालासाठी खास सोय केली. सायकल स्टँडचा टिनाचा शेड, त्यात एक कोपरा मोकळा. एक टेबलही दिलं, तीन पायांचं, पण विटा लावल्या. कपिल पुस्तकं खाली आणून देतो. याला मी ‘तळमजला अभ्यासिका’ असं नाव दिलं आहे. फॉर्ममध्ये वेगळी सुविधा म्हणून दाखवता येईल.

२७ नोव्हेंबर
तळमजला अभ्यासिकेला भेट. समोरून कापसाच्या गाड्या जातात, हॉर्न जरा जास्त. दीपमालाने रस्त्यावर सांडलेला कापूस उचलून कानांत कोंबला होता. हुशार मुलगी. मी आठवडाभराच्या माझ्या धावपळीबद्दल दहा-पंधरा मिनिटं सांगितलं. ती मान हलवत होती. कापूस काढला नाही हे नंतर लक्षात आलं.

घरी कळलं की इंदू तिला रोज दुपारी डबा नेऊन देते. मला न विचारता. समाजसेवा घरात एकाने केली तर तिला वजन राहतं.

१४ डिसेंबर
परीक्षा. शुभेच्छा द्यायला उकंडाच्या घरी गेलो. ती सकाळीच निघून गेली होती. उकंडा खाटेवर पालथा. मी म्हणालो, आता लोकार्पण अगदी जवळ आलं आहे. तो म्हणाला, हो सायेब. चहा झाला नाही.

२४ डिसेंबर
निवडणूक झाली. साहेबांनी २८ तारीख दिली! लोक म्हणतात मी चिकाटीचा आहे. म्हणजे म्हणतील.

कामं: मंडप, फीत, रांगोळी, माझं जॅकेट. लाभार्थी म्हणून दीपमाला. साहेब तिची खुर्ची ढकलत वर नेतील, फोटो. निरोप पाठवला.

२७ डिसेंबर
दीपमाला येणार नाही. कपिलने निरोप आणला. बाबाले त्या दिवशी दवाखान्यात दाखवाले न्यायचं आहे म्हणाली. अन् पेपर तं झाला, आता कायले?

आता कायले! तिच्यासाठी तीस फूट रॅम्प उभारला आणि तीस मिनिटं देता येत नाहीत. कृतज्ञता हा गुणच संपला.

२८ डिसेंबर
लिहिताना बोट दुखतं. तरी लिहितो, नोंद राहिली पाहिजे.

साहेब दोन तास उशिरा, पण आले. फीत कापली. लाभार्थी कुठे, असं त्यांनी विचारलं. कोणीच पुढे येईना. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. एका दवाखान्यातून मागून आणलेली खुर्ची तयारच होती. समाजासाठी माणसाने काय करू नये? मी बसलो. गुडघ्यावर शाल टाकली. फोटोग्राफर म्हणाला, चेहरा जरा पाडा. पाडला.

साहेबांनी जोरात ढकललं. खुर्ची चौथऱ्याला धडकली आणि अडकली. साहेबांना वाटलं चढ आहे, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. मी उडून थेट कोनशिलेवर. चष्मा फुटला, बोट मुरगळलं, कपाळावर टेंगूळ. लोकांना वाटलं कार्यक्रम संपला, टाळ्या वाजवल्या. साहेब पायऱ्यांनी वर गेले आणि नाश्ता केला.

दोष खुर्चीचा. दवाखान्याची खुर्ची, रुंदच असते.

२९ डिसेंबर
पेपरात फोटो आला. पान चार, रंगीत. खाली छापलं आहे: ‘दिव्यांग ज्येष्ठाला आधार देताना साहेब.’ माझं नाव नाही. सचिव नाही, संकल्पना नाही. ज्येष्ठ!

इंदू फोटो बघून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीच दिलं, एका हाताने.

३ जानेवारी
बाभुळगावला जाताना एसटीत कंडक्टरने एका पोराला उठवून मला राखीव सीटवर बसवलं आणि पास मागितला. म्हणाला, काका, तुमचा फोटो पाह्यला, हिंमत आहे राजा तुमची. पूर्ण तिकीट काढलं. सीट मात्र सोडली नाही, पाय दुखत होते.

२ फेब्रुवारी
निकाल. दीपमाला दोन मार्कांनी गेली. एक प्रश्न म्हणजे दोन मार्क, म्हणजे एका प्रश्नाने. कपिलने सांगितलं आणि रजिस्टर उघडून बसला. दिवसभर माझ्याकडे पाठच होती. जसा काही प्रश्न मीच चुकवला.

मी एवढंच म्हणालो की अभ्यास थोडा कमी पडला. जागा दिली, टेबल दिलं, पुस्तकं खाली आणून दिली. आणखी काय करायला हवं होतं? शांतपणे विचार केला तर माझ्या बाजूने कुठेही कमतरता दिसत नाही. दोनदा विचार केला.

८ फेब्रुवारी
पुरस्काराचा फॉर्म भरला. सात पानं. सगळे रकाने भरले, एक सोडून: लाभार्थ्याचा अभिप्राय व स्वाक्षरी. उद्या शेवटची तारीख. गावात व्हीलचेअरवरचं दुसरं कोणी आहे का, कपिलला विचारलं. तो म्हणाला, आहेत सात-आठ, पण घराच्या बाहेर कुठी निघतात? हे मला माहीत नव्हतं.

९ फेब्रुवारी
दीपमाला आली. स्वतःहून. देवच पावला म्हणायचं.

पुस्तकं आणि सभासद कार्ड परत करायला आली होती. उद्यापासून एका झेरॉक्सच्या दुकानात बसणार आहे. बाबा आता हमाली करू शकत नाही म्हणाली, घरी कोणीतरी कमावलं पाह्यजे. मी म्हणालो, अगं, पण आता तर रॅम्प खुला झाला! आता कायले सोडतेस?

तिने पिशवीतून टेप काढला. तोच जुना, मापं घेतलेला. कठडा ते चौथरा मोजलं, मग स्वतःची खुर्ची मोजली. तीन इंच कमी आहे काका, म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

चौथरा हलवता येणार नाही, साहेबांच्या हस्ते अनावरण झालं आहे, हे तिला समजावलं. ती हो म्हणाली. कपिल खाली आला, पुस्तकं घेतली आणि वर नेली. जाताना त्याने आपली सायकल रॅम्पवर चढवून ठेवली. सायकल बरोबर जाते तिथून.

मग मी फॉर्म पुढे केला. नाही म्हणेल अशी धाकधूक होती. पण तिने मांडीवर ठेवून नीट वाचला, सातही पानं. ‘लाभार्थ्याचा अभिप्राय’ या रकान्यापाशी थांबली. पेन मागितलं आणि सावकाश लिहिलं: ‘पाच महिने खालून पाहिला.’ खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

अक्षर फार सुंदर आहे पोरीचं. लिपिक म्हणून शोभली असती.

उद्या सकाळी दुकान उघडल्याबरोबर व्हाइटनर आणणे. शेवटची तारीख आजच होती, पण ते लोक ओळखीचे आहेत.