बारावा फर्मा

५ जून

चि. चिमणीस,

अ. उ. आ. तुझं पत्र पोचलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला चिमणी म्हणताना हात अडखळतो, पण तुझ्या दादाने ठेवलेलं नाव मी बदलणारी कोण?

वाचनालयाच्या बांधणीचं काम सध्या तरी माझ्याकडेच आहे. ग्रंथपाल म्हणाले की तीस वर्षं यजमानांशेजारी बसून तुम्ही शिवलंत, आता तुम्हीच करा. मात्र सहा महिने बघू. मी हो म्हटलं. हे काम गेलं तर सकाळी उठून करायचं काय, हे मला ठाऊक नाही. घरात दाबयंत्र आहे, दोऱ्याची रिळं आहेत, खळीचा वास आहे. माणूस तेवढा नाही.

तीन आठवड्यांपूर्वी छत्रीवाल्या गुप्तहेराचं तेविसावं पुस्तक आलं. वाचनालयाने दोन प्रती घेतल्या. नेहमीप्रमाणे कागदी वेष्टन उसवलं, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केले, पुन्हा शिवले, वर पुठ्ठा चढवला. दादा गेल्यावर माझ्या एकटीच्या हातून झालेली ही पहिली दोन पुस्तकं. तुला आठवत असेल, लग्न होऊन आले तेव्हा मला जेमतेम अक्षरओळख होती. पहिला छत्रीवाला मी फर्मे शिवता शिवता वाचला, त्याला चार महिने लागले. गुन्हेगार कळेपर्यंत आमच्याकडे बांधणीची पुढची वीस पुस्तकं तुंबली होती आणि दादा म्हणाला होता की या हिशेबाने गुन्हेगार म्हातारपणानेच मरेल.

नव्या पुस्तकावरून वाचनालयात दोन तट पडले आहेत. अभिप्रायाच्या वहीत एका निवृत्त बसचालकाने लिहिलंय की तेवीस पुस्तकांत पहिल्यांदा हा गुप्तहेर माणूस वाटला. त्याच्याच खाली शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलंय की माणूस वाटला तो म्हातारा झाल्यामुळे, आणि लेखकाने आता विश्रांती घ्यावी. पुढे पानभर तीच जुंपली आहे. पण रहस्य कोणी फोडायचं नाही अशी ग्रंथपालांची सक्त ताकीद आहे, त्यामुळे भांडतात सगळे, पण नेमकं कशावरून ते कोणी बोलत नाही.

मी कोणत्या बाजूची ते तू वाचल्याशिवाय सांगणार नाही. गुडघ्याला शेक दे. तुझ्या मनात आहे तेवढी जागा माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी वहिनी


१९ जून

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. छत्रीवाला आमच्याकडच्या वाचनालयात आला होता, दोन दुपारी दुकानाच्या गल्ल्यामागे बसून संपवला. एका गिऱ्हाईकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटदुखीचं देणार होते, त्यानेच हटकलं म्हणून वाचला बिचारा. आमच्या दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की खून तिथेच झाला असता.

मी तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या बाजूची. वाईट नाही, पण आहे तेच आहे. एकशे सत्तर पानं इकडे फिर, तिकडे विचार, आणि शेवटी एकदाचं कळतं. लेखक थकलाय, वहिनी. दादा असता तर म्हणाला असता, जुन्याच पुस्तकाला नवा पुठ्ठा.

तू वेळेवर जेवतेस का? एकटीसाठी काय रांधायचं, असं मला सांगू नकोस. मी जन्मभर एकटीसाठी रांधत आले आहे. सुट्टी मिळत नाही म्हणून येत नाही, प्रेम आटलं म्हणून नाही, हे धरून चाल.

तुझी चिमणी


२७ जून

चि. चिमणीस,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचून मी पुस्तक पुन्हा उघडलं. आपण दोघींनी एकच वाचलं ना, असं वाटलं. आता दोघींचं वाचून झालंय, तेव्हा उघड लिहिते.

पुस्तकाच्या मध्यावरच घड्याळजी छत्रीवाल्यापुढे सगळा गुन्हा कबूल करतो. बंद दुकान, भिंतीवरची घड्याळं, तो स्टुलावर बसून सांगतो आणि छत्रीवाला ऐकून घेतो. आणि मग पुढची ऐंशी पानं हा रोज त्याच्या दुकानात जातो! स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला टाकतो. खोकला कसा आहे विचारतो. बाकीच्यांकडे अशी चौकशी करत राहतो, जणू त्याला काहीच माहीत नाही. दोघांनाही शेवट ठाऊक आहे आणि बोलणं काय, तर काटे अडकतात आणि तेल कुठलं वापरता. मग एका सकाळी छत्रीवाला त्याला पकडून घेऊन जातो.

चिमणे, डॉक्टरांनी दादाचं सांगितल्यावर आम्ही अकरा महिने असेच काढले. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. आणि आम्ही बोलत होतो गळक्या नळाबद्दल, दोरा कसा आखूड येतोय त्याबद्दल. मला वाटायचं, आम्हीच तेवढे भित्रे. हे वाचून वाटलं, कोणालातरी हे कळलंय, कोणीतरी ते लिहून ठेवलंय. मी तीनदा वाचलं. तू याला आहे तेच आहे कसं म्हणतेस?

रागावून लिहिलेलं नाही, आणि तूही तसं समजू नकोस.

तुझी वहिनी


४ जुलै

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाच.

घड्याळजीची कबुली मध्यावर नाही. ती शेवटाला आहे, पान एकशे सत्त्याहत्तरवर. त्याआधी छत्रीवाल्याला खरंच काही माहीत नसतं. तो घड्याळ दुरुस्तीला टाकतो कारण ते बंद पडलेलं असतं. मी मुद्दाम पुस्तक पुन्हा आणून पाहिलं. ते प्रकरण नेमकं सोळा पानांचं, म्हणजे अख्खा एक फर्मा आहे, मागेपुढे दोन्ही टोकं साफ. लहानपणी मीही दादाबरोबर फर्मे लावले आहेत, तेव्हा याहून जास्त लिहायला नको. तुझ्या प्रतीतले पानांचे आकडे बघ.

आता माझं ऐक. झाकली मूठ सव्वा लाखाची. काहीतरी निमित्त काढून ती प्रत घरी आण, नीट शिव आणि गुपचूप ठेवून ये. सहा महिने अजून भरलेले नाहीत. लेखकाला चार लोक नावं ठेवतात, ठेवू देत. त्याची बावीस पुस्तकं उभी आहेत. तुझं तर हेच पहिलं.

आणि अकरा महिन्यांचं तू लिहिलंस, ते वाचून मी दुकानात औषधं लावायचं सोडून नुसती उभी राहिले. मी त्याची सख्खी बहीण, पण मला शेवटपर्यंत सांगितलं होतंत की बरा होतोय. त्याबद्दल पुन्हा कधीतरी भांडू. आज तुझ्या पाठीवर हात आहे एवढंच.

तुझी चिमणी


१७ जुलै

चि. चिमणीस,

अ. उ. आ. पाहिलं. शहाण्णवच्या पुढे एकशे सत्त्याहत्तर. सहाव्या फर्म्यानंतर बारावा शिवलाय, माझ्याच टाक्याने, टाका अगदी सरळ. दुसरी प्रत बरोबर आहे. म्हणून दोन तट. ज्यांना मी वाचलेली प्रत मिळाली ते एका बाजूला, उरलेले दुसऱ्या. रहस्य फोडायचं नाही म्हणून दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आकडे कोण बघतो, जो तो गोष्टीमागे धावतो.

आधी खूप हसले. मग लक्षात आलं की जे कोणालातरी कळलंय असं मला वाटलं होतं, ते कोणालाच कळलं नव्हतं. तसं कोणी लिहिलंच नव्हतं. ती माझीच चूक मी तीनदा वाचली होती. त्या दिवशी घर फार मोठं वाटलं.

गुपचूप करणं जमलं नाही. ज्याने मला वाचायला शिकवलं त्याच्या नावाला बट्टा नको, आणि लेखकालाही माझ्यामुळे बोल नकोत. दोन्ही प्रती घेऊन गेले आणि ग्रंथपालांना सांगितलं. त्यांनी दोन्ही उघडून बराच वेळ पाहिल्या. बसचालक तिथेच पेपर वाचत होते, त्यांना बरोबर प्रत दाखवली तर चाळून म्हणाले, ही चुकीची बांधली आहे, ती पहिलीच ठेवा. त्यांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना काही समजावायला गेले नाही.

ग्रंथपालांनी विचारलं की तीस वर्षांत असं झालं नाही, मग आत्ताच कसं? मी खरं ते सांगितलं. शिवण्याआधी फर्मे जुळवताना दादा आकडा पुकारायचा आणि मी फर्मा पाहून हं म्हणायचे. हं आल्याशिवाय तो पुढे जायचा नाही. त्या दिवशी मी सहा म्हटलं आणि थांबून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मग हाताला जो लागला तो घेतला.

त्यांनी दोन्ही प्रती मिटून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, काम चालू ठेवा, पण यापुढे प्रत्येक पुस्तक शिवण्याआधी इथे आणायचं, मी आकडे तपासेन. बाईमाणसाचं काम म्हणून तपासताय का, असं ओठांवर आलं होतं, पण चूक माझी होती.

मंगळवारी पहिला गठ्ठा नेला, त्यातच ती उसवलेली प्रत. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत मनातल्या मनात आकडे वाचायला लागले. मी समोर उभी, हाताला काम नाही. शेवटी धीर करून विचारलं की मोठ्याने वाचलंत तर चालेल का. त्यांनी भिंतीवरच्या शांतता राखा या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि घसा साफ करून एक म्हणाले.

मी हं म्हटलं.

चौदापर्यंत गेलो. वाचत बसलेल्या दोघातिघांनी माना वर केल्या, पण कोणी गप्प राहा म्हणालं नाही.

भांडायला ये. दादाबद्दल तुला सांगायचं राहून गेलंय ते सगळं सांगेन. तोवर आहे तशीच माझी राहा.

तुझी वहिनी