बाबांचा हात लागलेलं इंजिन

ता. १४, शनिवार, दुपार

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. मोठी आहे म्हणून लिहायचे, एवढंच समज. इकडे आम्ही बरे आहोत. बाबांचा खोकला कमी आहे. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण तुझ्या पत्रावरून तब्येत ठणठणीत दिसते.

सख्ख्या बहिणीला लिहिताना 'उपरोक्त' हा शब्द वापरणारा तू पहिलाच असशील. ताईचा फोन उचलायचा नाही आणि टाइप केलेल्या पत्रातून भांडायचं, हे तुझं नवीनच. असो. तुला कागदच हवा आहे, तर हा घे.

तुझं म्हणणं असं, की मी तुझ्या विमानाच्या मॅग्नेटोला वाजवीपेक्षा जास्त तेल घातलं. धावपट्टी सोडल्यावर इंजिन अडखळायला लागलं आणि तू नि तुझी बायको कसेबसे परत उतरलात. म्हणून आता तू विमान खात्याकडे तक्रार करणार, माझा परवाना काढून घ्यायला लावणार, आणि यापुढे त्या इंजिनाला फक्त बाबांचा हात लागेल.

आधी इंजिनाचं बोलू. तू ते उडवतोस, उघडत नाहीस, तेव्हा सावकाश वाच. मॅग्नेटो बॅटरीशिवाय, स्वतःच ठिणगी तयार करतो. एका इंजिनाला दोन असतात, एक गेला तर दुसऱ्याने निभावावं म्हणून. आत एक लहानसा कॅम फिरत असतो आणि तो काँटॅक्ट पॉइंट उघडतो, मिटतो. त्या कॅमला तेल मिळावं म्हणून लोकरीची पट्टी बसवलेली असते. ती चिमटीत दाबून बघायची. बोटाला तेल लागलं, तर तेलाची कुपी खाली ठेवायची. कोरडी असेल तर दोन थेंब द्यायचे, मुरू द्यायचे, वर राहिलेलं फडक्याने टिपून घ्यायचं. तेल जास्त झालं की ते पॉइंटवर उडतं, तिथे जळतं, आणि ठिणगी चुकायला लागते. तुझ्या दोन्ही पट्ट्या निथळत होत्या. उजव्याचे पॉइंट काळे ठिक्कर झालेले, डावा त्याच वाटेवर. डाव्याने कळ काढली म्हणून तुला 'उपरोक्त' लिहायला मिळालं.

तेव्हा तेल जास्त झालं होतं, हे खरं. इंजिन तपासायला आलेल्या तपासनीसांपुढे मी माझं नाव सांगितलं, हेही खरं. बाबांनी फोनवर तुला तसंच कळवलं, आणि बाबा खोटं बोलत नाहीत. तू एवढ्यावरच उभा आहेस, नाही का?

तपासणीच्या दिवशी काय झालं ते ऐक. मॅग्नेटो उघडून टेबलावर ठेवला होता. तपासनीसांनी पट्टी चिमट्याने उचलली, तर खाली कागदावर डाग पडत गेला. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. बाबा स्टुलावर बसून हात पुसत होते. ते उठले. मी म्हटलं, "मी."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांची कुणीच नाही.

"अगं, दोन थेंब," ते म्हणाले. "दोन. फ्रॉकात होतीस तेव्हापासून सांगतोय. ही काय पोळी आहे, माखून काढायला?"

तपासनीस हसले. "घ्या, मास्तर चिडले," म्हणाले. मीसुद्धा हसले. मग त्यांनी माझं नाव लिहून घेतलं आणि बाबा पुन्हा स्टुलावर बसले.

एवढं लिहून मी थांबणार होते. कर तक्रार, म्हणून खाली सही करणार होते. पण तुझं ते शेवटचं वाक्य आडवं येतंय. फक्त बाबांचा हात. लहानपणी आपण ऐटीत सांगायचो ना, हे इंजिन बाबांचा हात लागलेलं आहे म्हणून? तू अजून तिथेच

इथे उठावं लागलं. बाबा आत आले होते.

"कुणाला लिहितेस?"

"धाकट्याला."

"त्याला कळव, काळजी करू नकोस म्हणावं. मी दोन्ही मॅग्नेटो बघितले. पट्ट्या कोरड्या पडल्या होत्या. तेल दिलंय."

"कधी दिलंत, बाबा?"

"आत्ता. जेवायच्या आधी. आणि तू मध्ये हात घालू नकोस, मागे घातलास तेवढा पुरे."

मी वर्कशॉपमध्ये जाऊन बघून आले. तुझे मॅग्नेटो सुटे करून ताटलीत ठेवले आहेत. कॅम वेगळा, पॉइंट वेगळे. त्या ताटलीत दोन्ही पट्ट्या तेलात बुडाल्या आहेत. शेजारी फडक्याची घडी, कुपीचं बूच घट्ट लावलेलं. सगळं कसं जागच्या जागी.

थेंब ते दोनच देतात. हात अजून कापत नाही. फक्त सकाळी दिलेले दुपारी आठवत नाहीत, म्हणून पुन्हा देतात. चिमटीत दाबून बघायचं विसरले, तेल द्यायचं तेवढं लक्षात राहिलं.

तेव्हा लागला होता रे, बाबांचा हात. तोच तर लागला होता.

आणि तो कुणी लावायला सांगितला? मी इंजिन तपासून, झाकणं लावून, सही करून दुसऱ्या विमानतळाच्या कामावर गेले होते. मागे तू त्यांना फोन केलास. "ताईनं केलंय, पण एकदा तुमचा हात फिरवा." मग परत फोन. मग उडायच्या दिवशी सकाळी आणखी एकदा. त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं, धाकट्याचा माझ्यावरच विश्वास आहे म्हणून. तुझ्या प्रत्येक फोननंतर ते झाकणं उघडून बसले असणार. माझ्या कामावर तुझा भरवसा नव्हता, त्याचं तेल आहे ते.

तुला कळलं कसं नाही, हे मी विचारत नाही. तू फोनवर पाच मिनिटं बोलतोस. पाच मिनिटं बाबा कुणाशीही झकास बोलतात. तू विमानापुरता येतोस, वर्षावर्षात घरी फिरकत नाहीस, जेवायला त्यांच्या समोर बसत नाहीस. एकाच घासात एकच प्रश्न पुन्हा आला, तर काय तोंड करायचं हे तुला शिकावं लागलेलं नाही.

तक्रार करायची तर कर, आणि माझ्याच नावाने कर. मी तिथे जबाब बदलणार नाही. परवाना गेला तर दुसऱ्याच्या हाताखाली पाने-पकडी धरीन. पण त्या कागदावर बाबांचं नाव आलं, तर मला भाऊ होता हे मी विसरेन, आणि मला विसरायला कुठलं दुखणं लागणार नाही.

तुझ्या विमानाला नवे मॅग्नेटो बसतील. ते मी बसवीन आणि हँगरच्या दाराला कुलूप लावीन. जळके जुने बाबांच्या टेबलावर राहतील. त्यांना रोज हवं तितकं तेल देऊ दे, कुणाचं काही बिघडत नाही.

तुला यायचं तर वैमानिक म्हणून येऊ नकोस. त्यांच्यासमोर बस आणि मॅग्नेटोला तेल कसं देतात ते विचार. ते सांगतील, फार छान सांगतात. सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून सांगतील. तेव्हा 'आत्ताच सांगितलंत' म्हणायचं नाही. पुन्हा ऐकायचं.

तोवर फक्त त्यांची,
ताई