फलकावरच्या फटी

बाबा, तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुमच्या हयातीत तुमच्यासमोर मान वर करून मी चार वाक्ये सलग बोलले नाही, आणि तुम्हाला जाऊन चौदा वर्षे झाल्यावर मला वाचा फुटते आहे.

नांदुऱ्याच्या कापूस दाबण्याच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठींवर छाप मारण्यासाठी तुम्ही पत्र्याचे साचे कापत असा. दुपारी मी डबा घेऊन येई, तेव्हा तुम्ही मांडी घालून बसलेले असा, छिन्नी अक्षराच्या वळणावर टेकवलेली. अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून पत्र्याची बारीक पट्टी राखावी लागे. त्यामुळे छापलेले अक्षर जागोजागी तुटलेले दिसे. गाठींवर ते मला कधी खटकले नाही. मग आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी तुम्ही हौसेने तसाच फलक केलात. 'कन्याशाळा', हातभर उंच, जाड, काळीभोर अक्षरे. तुमच्या तोंडी शाळेची 'शाया' होई, पण साऱ्या फलकात देखणा होता तो 'ळ'च. त्याच्या दोन्ही वाटोळ्यांतल्या फटी एकाच तिरक्या रेषेत सोडलेल्या.

वर्गातली एक मुलगी म्हणाली, "तुह्या बाबाले पुरं अक्षर येत नाही काय वं?" शुद्धलेखनात मी पहिली येत असे. मधल्या सुट्टीत दौत आणि कुंचला घेऊन मी एकेक फट बुजवून टाकली.

प्रदर्शन पाहायला तुम्ही धुतलेले धोतर नेसून आलात. फलकापुढे बराच वेळ उभे राहिलात.

"हे कोनं भरलं वं?"

"बाईंनी," मी म्हणाले.

"त्या शिकेल हायेत. त्याइले जास्त कयते."

एवढे बोलून तुम्ही आत गेलात आणि तुटकी अक्षरे पाठवल्याबद्दल बाईंची माफी मागितलीत. बाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी जमिनीकडे. त्यानंतर गाठींखेरीज कशासाठीही तुम्ही अक्षर कापले नाही.

आता मी अमडापूरच्या शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात 'वाचनालय' अशी पाटी करण्यासाठी पुठ्ठ्यात अक्षरे कापायला बसले, तर 'व'चे पोटच मांडीवर पडले. पट्टी कुठे राखली म्हणजे अक्षर टिकेल आणि शोभेलही, हे ठरवण्यात दुपार गेली. पाटी पाहून मुख्याध्यापकांनी फटी भरून घेण्यास सांगितले. त्या तशाच राहतील, असे मी म्हणाले. त्यांनी कारण विचारले, तेव्हा मात्र मला ते सांगता आले नाही.

कारण सांगायचे तर आधी तुम्हाला सांगायला हवे होते. बाईंनी नाही, बाबा. मी भरल्या होत्या.

हे पत्र टपालात पडणार नाही. आज आखाजी आहे, पितरांना पाणी देण्याचा दिवस. तुमच्या नावाची घागर भरून ठेवली आहे, तिच्याखाली याची घडी ठेवते.

वैशाख शुद्ध तृतीया, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे.